प्रोफेसरांना पिंपात घाला

हुब : खोटं कशाला बोलू, फीनमावशी? नळ बघायलाच आलोय मी.

फीन : माझा नळ गळत नाही. मागच्या महिन्यात तूच वायसर बदलून गेलास. त्या खुर्चीत बस, इकडे तेल उडेल. आज बुधवार आहे, हुब. कार्निव्हलच्या आधीच्या बुधवारी पिंपातला वक्ता हातात पाना घेऊन नळ बघत हिंडत नाही. शनिवारी पिंपात उभं राहून ज्यांची टर उडवायची, त्यांच्या घरी जाऊन तो आधी वाचून दाखवतो. एकोणऐंशी वर्षं मी या गावात काढलीत. मला शिकवू नकोस.

हुब : तेही करतोच आहे. बेकरीवाल्याचं झालं, महापौरबाईंचं झालं. बाईंनी तर गोड पिठाच्या तळलेल्या तीन गाठी खायला घातल्या.

फीन : परवानगीला एक गाठ पुरते. तीन म्हणजे बाई भलतीच खूश दिसते. काय वाचलंस?

हुब : तो नवा पूल. म्हटलं, आमच्या बेर्खरादचा पूल इतका सुंदर की गाड्या त्यावर चढतात, मास नदी बघतात आणि आल्या वाटेने परत येतात. कारण पलीकडे रस्ताच नाही. बाई एवढ्या हसल्या की चष्मा पिठात पडला.

फीन : आणि माझ्याकडे काय वाचणार?

हुब : तुझ्याकडे वाचायचं नाही, सांगायचंय. दोन गोष्टी. त्यातली एक जरा अवघड आहे, म्हणून दुसरी आधी सांगतो. काल आमच्या अकराजणांच्या मंडळाची बैठक झाली. यंदाही तुझ्या मामांचं, प्रोफेसर एर्केन्सचं नाव पिंपातून निघायचं नाही असं ठरलं. अगदी एकमताने. तेव्हा शनिवारी तू निर्धास्त ये. पाच वर्षं आली नाहीस, सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं.

फीन : एकमताने?

हुब : एकाचाही हात खाली नव्हता.

फीन : तो झारा दे इकडे. दे म्हणते ना. तुला मारायला नाही, गाठी काढायला हवाय.

हुब : तू रागावलीस.

फीन : पाच वर्षांपूर्वी ती विद्यापीठाची बाई कागदांची पेटी घेऊन आली. विनांदमामा जर्मनीत असताना त्याने एका यादीवर सही केली होती. आपल्याच प्रयोगशाळेतल्या ज्यू माणसांना कामावरून काढायची यादी. ते छापून आलं. शाळेवरचं मामाचं नाव उतरवलं, लिंडेन शाळा म्हणून नवी पाटी लावली. मी एक शब्द तरी बोलले का?

हुब : नाही.

फीन : काय म्हणून बोलेन? सही त्याचीच होती, त्याचं वळण मी अंधारातसुद्धा ओळखेन. पोरांच्या शाळेला दुसरं नाव बरं, असं मलाही वाटलं. पण मग कार्निव्हल आला. चर्चसमोर त्याचा पुतळा बसवला तेव्हापासून दरवर्षी गावातली पोरं त्याला घुंगरांची टोपी घालत आली. त्या वर्षी सकाळी खिडकीतून बघते तर बोडकं डोकं. पिंपातूनही नाव नाही. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. दारुड्याला पिंपात घालता, बायको पळालेल्याला घालता, भेसळवाल्या खाटकाला घालता. फक्त माझा मामा नको. मला काय कळायचं ते कळलं. गावाने त्याला वाळीत टाकलं.

हुब : अगं मावशी, आम्ही तर तुला दुखवायचं नाही म्हणून…

फीन : काय म्हणालास?

हुब : ती टोपी त्या वर्षी माझ्याच गाडीत होती. पोरं मागायला आली, मीच म्हटलं, राहू द्या रे, फीनमावशी समोरच राहते, तिच्या जखमेवर मीठ चोळू नका. पिंपाचंही तसंच. तू येत नाहीस म्हटल्यावर आम्हाला वाटलं, हिचं दुःख अजून ओलं आहे. यंदाही गप्प राहू. दरवर्षी असंच. सगळं गाव तुझं मन सांभाळतंय.

फीन : पाच वर्षं?

हुब : पाच वर्षं.

फीन : आणि मी पाच वर्षं पडदे ओढून घरात बसले. गाव माझ्या मामाचं तोंड बघत नाही म्हणून. अकरा शहाणे एकत्र बसता, एकालाही येऊन विचारता आलं नाही?

हुब : तूही कुठे विचारलंस?

फीन : गाढवांनो. या गावात माणूस ज्याची टर उडवत नाही, तो एक तर परका असतो, नाहीतर नावडता. हे मी तुला सांगायचं? तुझ्या बापाला पुरलं त्याच आठवड्यात तू पिंपात उभा राहून त्याच्या घोरण्यावर बोललास. तुझी आई पहिल्या रांगेत बसून हसली आणि रडली.

हुब : म्हणून तर बोललो. बाप होता माझा.

फीन : आणि हा माझा मामा होता. माझा बाप खाणीत गेला, त्यानंतर मला यानेच वाढवलं. घाल त्याला पिंपात.

हुब : आता? शनिवार तीन दिवसांवर आलाय. आणि बोलू काय? म्हाताऱ्या प्रोफेसरांची गंमत मलाही आठवते. मी सात-आठ वर्षांचा असेन. कार्निव्हलला ते घड्याळ होऊन यायचे, पोटावर पुठ्ठ्याचे काटे लावून. आम्ही पोरं विचारायचो, प्रोफेसर, किती वाजले? तर म्हणायचे, कालच्यापेक्षा उशीर झालाय. हे सांगून लोकांना हसवता येईल. पण ती यादी? त्यात माणसांचे संसार उठले, मावशी. त्यावर यमक जुळवायचं म्हणजे… आणि शिवाय ती पहिली गोष्ट राहिलीच आहे सांगायची.

फीन : सांगून टाक मग.

हुब : माझ्या गाडीत एक बाई बसलीय.

फीन : कसली बाई?

हुब : मोन्टेव्हिडिओहून आलीय, उरुग्वेतून. त्या यादीतल्या एकीची नात. हेडविग आडलरची. तिला प्रोफेसरांचं घर बघायचंय, तुला भेटायचंय. मी म्हटलं, आधी आत जाऊन तुझा रंग बघतो, मग ठरवू. म्हणून तो नळ.

फीन : किती वेळ झाला तिला बसवून?

हुब : पाऊण तास झाला असेल.

फीन : फेब्रुवारीत? गाडीत?

हुब : हीटर चालू ठेवलाय. बहुतेक.

फीन : झारा धर. सोनेरी झाल्या की काढ, काळ्या झाल्यावर नव्हे.

(फीन एप्रन न सोडताच बाहेर जाते आणि काखेत थर्मास धरलेल्या, तिशीतल्या एका बाईला हाताला धरून आत आणते.)

हिमेना : मला मुळीच थंडी वाजली नाही, फीनबाई. माझ्या थर्मासमध्ये आमच्याकडचा माते नावाचा चहा आहे, अगदी ऊन. आपल्या दाराकडे पाहत तो पीत होते. मी आपली आभारी आहे.

हुब : हिचं जर्मन ऐकलंस? आजीकडून शिकलीय. नाण्यावरचा राजा उठून बोलायला लागला असं वाटतं.

फीन : निदान ती नळाचं निमित्त तरी सांगत नाही. बस, बाळ. आधी खा. मामाला शिव्या द्यायला आली असशील तर पोटभर खाऊन दे. उपाशीपोटी दिलेली शिवी लागत नाही.

हिमेना : हा पदार्थ फार सुंदर आहे. याला काय म्हणतात?

हुब : गाठी.

फीन : ननांचे कुल्ले म्हणतात. मठातल्या बायांच्या कमरेमागे झग्याची गाठ असायची ना, तिच्यावरून. हा पाहुणीसमोर लाजतोय. शनिवारी पिंपातून याच्याहून वाईट बोलतो.

हिमेना : हे मला आईला कळवायला हवं. नाही, मी शिव्या द्यायला आले नाही. मला ती नळी पाहायची होती. पहिली. ती आपल्याकडे आहे असं वाचलं होतं.

फीन : ती काय, भिंतीवर. रोज पुसते.

हुब : ती? पंचवीस वर्षं या स्वयंपाकघरात येतोय, मला वाटायचं वाईन ओतायची कसलीशी नळी आहे. ही ती एर्केन्स नळी? जगभरच्या पुस्तकांत आहे ती?

हिमेना : हीच. वर दोन तोंडं आहेत, पाहिलंत? दोन तोंडांतून दोन रसायनं जोराने सोडायची. इथे ती एकत्र होतात आणि पुढे धावत जातात. धावता धावता रंग बदलतो. इतक्या झटपट घडणाऱ्या गोष्टीला किती वेळ लागला, ते त्या काळचं कुठलंच घड्याळ सांगू शकत नव्हतं.

हुब : थांब, थांब. पाणी किती वेगाने धावतंय ते मला ठाऊक आहे. रंग कुठल्या इंचावर बदलला ते डोळ्याला दिसतं. म्हणजे वेळ मोजायचाच नाही, लांबी मोजायची. इंचावरून वेळ निघतो.

हिमेना : बरोबर. सेकंदाचा हजारावा भागसुद्धा.

हुब : च्यायला. हे तर प्लंबरचं काम आहे. एवढी वर्षं मला कुणी सांगितलं का नाही?

फीन : तू वाईनची नळी समजून समाधानी होतास.

हिमेना : फीनबाई, प्रोफेसरांना ही कल्पना कशी सुचली, ते सांगायचे का कधी?

फीन : सांगायचा. मास नदीच्या काठी सुचली म्हणायचा. ओढ्याचं गढूळ पाणी येऊन मिळतं, ते थोडा वेळ वेगळं दिसतं आणि मग कुठेतरी एक होतं. पेपरातही तसंच आलं होतं. शाळेच्या भिंतीवर त्याचं मोठं चित्र होतं.

हिमेना : आजी म्हणायची, तिला भाड्याच्या खोलीत सुचली. गरम आणि गार पाण्याचे दोन नळ आणि तोटी एक. केस धुताना हात कुठे भाजतो आणि कुठे नाही, हे ती बघत बसली, आणि साबण तसाच ठेवून प्रयोगशाळेत पळाली. नोकरी गेली, जर्मनी सुटला, मग मोन्टेव्हिडिओच्या मुलींच्या शाळेत तिने अडतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. तिथे ही नळी पाठ्यपुस्तकात होती, एर्केन्सच्या नावाने. ती स्वतः ती शिकवायची आणि पुढच्या धड्याला जायची. माझ्या आईला वाटतं, म्हातारपणी आजीच्या मनाने ते रचलं. आजीकडे पुरावा नव्हता. मला फक्त विचारायचं आहे. आपल्याला ठाऊक नसेल तर मी उद्याच्या गाडीने परत जाईन आणि पुन्हा कुणाला विचारणार नाही.

फीन : हुब, गॅस बंद कर.

हुब : अजून सहा राहिल्यात…

फीन : बंद कर. हे मी एकदाच सांगणार आहे. लढाई संपून वर्ष झालं होतं. मी बारा वर्षांची होते. मामाचा उजवा हात थरथरायला लागला होता, म्हणून पत्रं तो सांगायचा आणि मी लिहायची. एका दुपारी त्याने उरुग्वेचं एक जुनं पत्र समोर ठेवलं आणि उत्तर सांगायला लागला. सतरा कागद फाडले. अठराव्यावर चार ओळी उरल्या. माझ्या तोंडपाठ आहेत. "तुमचं पत्र पोचलं होतं. नळीची कल्पना तुमची होती. मोजलेल्या वेळेचा आकडाही तुमचाच बरोबर होता, माझा चुकला होता. मी भित्रा माणूस आहे."

हिमेना : चार ओळी.

फीन : मी म्हटलं, मामा, माफी मागायची राहिली. तर म्हणाला, ती मागायला मला तोंड नाही. पाकिटावर उरुग्वे नीट लिही, परत यायला नको.

हिमेना : आजी म्हणायची, चार ओळी लिहायला त्या माणसाला अकरा वर्षं लागली. एवढंच म्हणायची आणि हसत सुटायची. आम्हाला वाटायचं हा तिचा काहीतरी विनोद आहे. घर बदलताना तिच्या दोन पेट्या हरवल्या, त्यात ते गेलं असणार. आई म्हणते, तसं पत्र आलंच नव्हतं.

फीन : आलं होतं. बारा वर्षांच्या पोरीच्या अक्षरात होतं. आईला सांग, ती पोर अजून जिवंत आहे आणि कुणी विचारलं तर लिहून देईल.

हुब : मावशी, मग प्रोफेसरांनी हे छापलं का नाही?

फीन : धीर झाला नाही. मोठं पदक मिळालेलं होतं, शाळेला त्याचं नाव द्यायचं चाललं होतं. आणि त्याला कशाला नावं ठेवू? विद्यापीठाची ती बाई याच खुर्चीत बसली होती. सही तिला सापडली होती, नळीचं ठाऊक नव्हतं. मी तिला जर्दाळूच्या व्लाय-केकचा तुकडा वाढला आणि तोंड मिटून बसले. वाटलं, शाळेवरचं नाव तर जातंयच, नळीवरचं तेवढं राहू दे. तेवढंच उरलं होतं त्याचं. आमच्या घराण्यातच आहे हा भित्रेपणा. मला त्याची लाज वाटते, बाळ.

हिमेना : आपण आता सांगितलंत.

फीन : पाच वर्षं उशिरा.

हिमेना : मग आपण प्रोफेसरांपेक्षा सहा वर्षांनी चपळ आहात.

हुब : अगं, ही हसतेय. मावशी, ही तर आपल्यातलीच निघाली. माझी वही कुठाय? थांबा, कुणी बोलू नका. पापणी… पाडली… काढली… हां. ऐका.

"पापणीच्या एका लवण्याची ज्याने हजार शकलं पाडली,
चार ओळींच्या उत्तराला त्याने अकरा वर्षं काढली!"

आणि अकरा म्हणजे आमचा कार्निव्हलचा आकडा, वेड्यांचा आकडा. अख्खा मांडव डोक्यावर घेतील. मावशी? रडतेस का?

फीन : हसतेय रे, मेल्या. पाच वर्षांत इतकी हसले नव्हते. मामा असता तर पुठ्ठ्याचे काटे फेकून हसला असता. पुन्हा वाच. आणि यादीचं?

हुब : यादीला यमक लावणार नाही. तिथे थांबेन, टोपी काढेन आणि साध्या शब्दांत सांगेन. सही केली, त्यात माणसं गेली, नळी हेडविगबाईंची होती. मग टोपी घालेन आणि पुढचं. पण हिमेना, तुझी परवानगी लागेल. तुझ्या आजीचं नाव पिंपातून निघेल.

हिमेना : प्रोफेसरांवर हसा. ते त्यांनी कमावलं आहे. पण माझ्या आजीवर काय म्हणून हसायचं? तिचं तर सगळं गेलं होतं.

फीन : तेच मी मघाशी याला सांगत होते, बाळ. इथे ज्याला पिंपात घालतात, तो गावचा होतो. बिचारी म्हणून नुसतं नाव घेतलं तर लोक टोप्या काढतील, मान खाली घालतील आणि घरी जाऊन विसरतील. तिची एखादी खोड सांग. मग इथली पोरं म्हातारी होईपर्यंत तिची गोष्ट सांगत बसतील. नको असेल तर तसं म्हण. हुब गप्प बसेल, मीही.

हिमेना : तिने माफ केलं होतं का, ते मला माहीत नाही. ती हसायची, पण आई म्हणते हसणं म्हणजे माफी नव्हे.

फीन : नव्हेच. माफी शनिवारी कुणी मागणारही नाही. तो हिशेब तिचा आणि त्याचा.

हिमेना : ती रोज दूध उतू घालवायची.

हुब : काय?

हिमेना : दूध. सेकंदाचा हजारावा भाग ओळखणारी बाई. शेगडीसमोर उभी राहायची, दुधावर डोळे लावून, आणि रोज उतू जायचं. एक दिवस चुकला नाही. आजोबा म्हणायचे, हेडविग, नळीत उकळ.

हुब : नळीत उकळ. देवा. हे मला सुचलं असतं तर मी प्लंबिंग सोडलं असतं. घेऊ?

हिमेना : घ्या. पण आडलर नाव नीट उच्चारा. आणि नळीचं नाव सांगताना तिचं आधी.

हुब : आडलर-एर्केन्स नळी. मावशी, चालेल?

फीन : वर्णमालेतही तसंच येतं. पेटव तो गॅस. परवानगीच्या गाठी दोन घरच्या आहेत, दोन्ही खाल्ल्याशिवाय तुला सोडत नाही.

हिमेना : शनिवारी मी कुठे बसू? मागे बसले तर चालेल?

हुब : मागे? ज्याचं नाव निघतं त्याच्या घरची माणसं पहिल्या रांगेत. मी विचारतो, आडलरांच्या घरचं कोण आलंय? की तू उठायचं. मी विचारतो, एर्केन्सच्या घरचं कोण? की मावशी उठणार.

हिमेना : उठून काय बोलायचं असतं?

फीन : काही नाही. नुसतं उभं राहायचं. लोकांचं हसू थांबेपर्यंत बसायचं नाही, एवढाच नियम आहे. माझे गुडघे तेवढा वेळ टिकायचे नाहीत. तू माझा हात धरून ठेव.